टाकीमागे कोण होतं

ही हकीकत सांगायचं मी फार वर्षं टाळलं. टाळायची माझी रीत सोपी होती. विषय निघाला की मी छंद, अक्षरसंख्या आणि यमक यांच्याबद्दल बोलायला लागायचो, आणि समोरचा माणूस आपणहून विषय बदलायचा. पद्यात नाटक लिहिण्याचा एवढा एक फायदा मला झाला. त्याबद्दल कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

आता सत्तरी ओलांडली आहे. ज्याच्यापुढे हे बोलायचं होतं तो ऐकायला उरलेला नाही. म्हणून मला धीर आला आहे, यावरून माझ्या धैर्याची जात वाचकांनी ओळखावी.

मी चाकणच्या या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत स्टोअरला होतो. नट, बोल्ट, वॉशर आणि बेअरिंग यांच्या संगतीत नोकरी पार पडली. निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीच्यांपैकी कोणी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं, कोणी गुडघे बदलून घेतले. मी नाटक लिहिलं. छोट्या गावात वयात येणाऱ्या एका मुलाचं नाटक, आणि तेही सगळं पद्यात. बायकोनं पहिला प्रवेश ऐकला आणि विचारलं, "हे सगळे असंच बोलणार? शेवटपर्यंत?"

"हो."

"मग मध्यंतरात चहा तरी चांगला ठेवा," ती म्हणाली.

नाटकातलं गाव माझंच होतं. चाकणच्या पलीकडचं, आठवड्याच्या बाजाराचं, कांद्याच्या वखारींचं. नाव सांगत नाही, कारण गावाचं नाव सांगितलं की शाळेचंही सांगितल्यासारखं होईल. आता तिथं घरांपेक्षा गोदामं जास्त आहेत आणि गावातल्या गावात जायलाही ट्रॅफिक लागतं. तेव्हा एकच शाळा होती. शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याच्यावर लोखंडी दांडक्यानं टोला दिला की गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जायचं.

नाटकाचा कणा होती त्या घंटेची गोष्ट. ती आधी खरी जशी घडली तशी सांगतो. मी ती तोंडी कधीच तशी सांगितलेली नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. वर्गात एक मुलगी शेजारच्या गावाहून यायची आणि शाळा सुटायच्या तासभर आधी, साडेचारच्या एसटीनं, परवानगी घेऊन परत जायची. मी तिच्यावर चार ओळी रचल्या होत्या. त्या तिला स्टँडवर म्हणून दाखवायच्या हा माझा बेत. पण तिची एसटी साडेचारला आणि माझी सुटका साडेपाचला. यावर मला जो उपाय सुचला तो पुढे आयुष्यभर मी हिशेबी माणूस म्हणून ओळखला गेलो हे लक्षात घेता नवलाचा आहे. मी ठरवलं, शाळाच आधी सोडायची.

त्या दिवशी शाळेची तपासणी होती. मोठे साहेब आले होते आणि शिपाई त्यांच्यासाठी भजी आणायला गेला होता. माझा दोस्त फाटकाशी पहाऱ्याला थांबला. त्याच्या वडिलांचं बाजारात कल्हईचं दुकान होतं, आणि वर्गात माझ्या शेजारी बसून माझ्या ओळी ऐकण्याची शिक्षा तो वर्षभर भोगत होता. मी दांडका उचलला आणि घंटा दिली. सगळी शाळा बाहेर पडली. साहेब फळ्यासमोर उभं राहून प्रश्न विचारत होते, त्यांच्या दोन्ही बाजूंनी वर्ग निघून गेला. मी स्टँडवर पोचलो तेव्हा आसपासच्या गावांची झाडून सगळी पोरं त्याच एसटीत शिरली होती. त्या मुलीला दारात कसंबसं उभं राहायला मिळालं. माझ्या चार ओळी माझ्याजवळच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गाला मैदानात थांबवून घेतलं. घंटा कोणी दिली ते कळेपर्यंत कोणाचाच परीक्षेचा अर्ज जाणार नाही, असं म्हणाले. आमच्या रांगेशेजारी पाण्याची सिमेंटची टाकी होती. मी एक पाऊल मागे सरलो, मग आणखी एक. टाकी माझ्या आणि हेडमास्तरांच्या मधे आली. माझे वडील त्याच शाळेत कारकून होते आणि ते ऑफिसच्या दारात उभे होते, हे मी कारण म्हणून सांगत नाही, फक्त सांगतो.

माझ्या दोस्तानं हात वर केला. "मी दिली," म्हणाला.

त्याला सगळ्यांसमोर छड्या बसल्या आणि शाळेतून नाव काढलं गेलं. परीक्षेसाठी त्याच्या आईनं त्याला पहिली फुलपँट शिवून घेतली होती. ती घालून तो त्याच महिन्यात हायवेवरच्या एका गॅरेजात लागला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा पँटच्या दोन्ही मांड्यांवर ग्रीस होतं. मी विचारलं, "तू का पुढं झालास?"

"तुझा बाप शाळेतच," तो म्हणाला. "तुला घरी पण मार आणि शाळेत पण. मला एकाच ठिकाणी. सरळ हिशेब हाय." आणि स्पॅनर द्यायला सांगितला.

तेव्हाच मला काही बोलता आलं असतं. मी स्पॅनर दिला, तोही चुकीच्या नंबरचा.

पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली. जेवताना मुलं लहानपणीच्या गोष्टी विचारायची. बापाला मुलांसमोर टाकीमागे उभं राहायला आवडत नाही. एका जेवणात मी घंटा वाजवली आणि सगळे पळाले एवढंच सांगितलं. मुलांनी विचारलं, मग? भाताचा घास तोंडात होता म्हणून विचार करायला सवड मिळाली. घास गिळून मी म्हणालो, "मग काय, मी हात वर केला." मुलं खूश झाली. ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगायला लावली की नाटक लिहायला बसलो तेव्हा तीच लिहिली गेली. नायक पुढे होतो, छड्या खातो, आणि पहाऱ्याला थांबलेला त्याचा दोस्त टाकीमागे थरथरत उभा राहतो. आणि हो, नाटकात त्या मुलीला चार ओळी मिळतात व ती हसते. खोटंच लिहायचं तर हात आखडता का घ्यायचा?

एवढ्या सगळ्यात एक गंमत झाली. नायकाच्या तोंडी मी हे घातलं होतं:

गुरुजी, मी दिला टोला, सारा दोष माझा माना,
हात पुढे केला आहे, पाय मागे वळेना ना.

शेवटचं 'ना' केवळ अक्षर भरायला आहे, हे कोणालाही कळेल. पण टाकीमागच्या दोस्ताचं स्वगत मी एका बैठकीत, न खोडता लिहिलं:

टाकीमागे मी थांबलो, शब्द ओठी आला नाही,
दोस्त पुढे झाला तेव्हा दोस्त त्याचा झालो नाही.

पुढे प्रत्येक प्रयोगानंतर लोक हेच सांगायचे, बाकीचं ठीक आहे, पण ते भित्रं पोरगं फार खरं वाटतं. मी नम्रपणे मान खाली घालायचो. मान खाली घालायला मला दुसरं कारण होतं, पण दिसायला दोन्ही सारखंच दिसतं.

नाटक बसवलं ते चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेल्या हौशी माणसानं. तो दिग्दर्शन करतानाही माल तपासल्यासारखा करायचा. "हा प्रवेश रिजेक्ट," म्हणायचा, किंवा "ही एंट्री रिवर्कला टाका." नायकाचं काम रहाटणीत राहणारा एक आयटीवाला करायचा. वय तिशीच्या पुढे, पोट सुटलेलं, आणि सोळा वर्षांचा दिसावा म्हणून आम्ही त्याला हाफपँट घातली होती. पडदा उघडला की पहिलं हसू तिथं मिळायचं. मी ते माझ्या संवादांच्या खाती धरायचो.

नेपथ्याला एक चिंच, एक टाकी आणि एक घंटा लागत होती, आणि हे सगळं फिरवायला टेम्पो. टेम्पो म्हटल्यावर मला माझा दोस्तच आठवला. त्याचं चिखलीत स्वतःचं गॅरेज झालं होतं, हाताखाली कारागीर होते, एक छोटा टेम्पो होता. दाढीला मेंदी लावायचा आणि आपण माझ्यापेक्षा तरुण दिसतो हे भेटीगणिक पटवून द्यायचा. मी त्याला एवढंच सांगितलं, "आपल्या शाळेवर नाटक लिहिलंय."

"घंटा हाय का त्यात?" त्यानं विचारलं.

"आहे."

घंटा त्यानंच मिळवली. चिखलीत भंगाराच्या दुकानांमधून रुळाचे तुकडे वाजवत फिरला. मीही बरोबर होतो. मला सगळे सारखेच वाटत होते. तो मान हलवायचा. "आपल्या घंटेचा आवाज जाड व्हता," म्हणायचा. शेवटी एक तुकडा पसंत पडला. तो त्याच्यावर टोला देऊन, आवाज विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. मी दुकानदाराशी वजनावरून वाद घालायला लागलो, कारण मला तिथं उभं राहवेना.

पहिला प्रयोग रहाटणीच्या एका सोसायटीत झाला. लहान मुलांच्या फॅशन शोनंतर आणि हाऊजीच्या आधी आम्हाला वेळ दिला होता. वॉचमननं मला विचारलं, "काका, ही माणसं बोलतायत का गातायत?" मी म्हटलं, दोन्हीच्या मधलं आहे. तो म्हणाला, "मग आवाज मधला ठेवू का?" नायक छातीवर हात ठेवून दोष पत्करत होता तेवढ्यात स्पीकरवरून सूचना आली की पांढरी स्विफ्ट बी विंगच्या गेटसमोर लावली आहे, ती ताबडतोब काढावी. त्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, पण बहुधा स्विफ्टवाला उठला म्हणून.

दोस्त मागच्या रांगेत बसून सगळं बघत होता. प्रयोग संपल्यावर आम्ही दोघं रुळाचा तुकडा टेम्पोत चढवत होतो. मी वाट बघत होतो. आता बोलेल, आता शिवी देईल. त्यानं फाळका लावला, कडी घातली.

"चांगलं हाय," म्हणाला. "ते टाकीमागचं पोरगं लई खरं वाटतं. त्याचं बोलणं कुठून सुचलं रे तुला?"

"कल्पना," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "कल्पनाच आसणार."

त्यानंतर तो प्रत्येक प्रयोगाला आला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला त्यात मजा यायला लागली होती. मोशीच्या प्रयोगात ऐन स्वगताच्या वेळी पाण्याचा टँकर आला आणि अर्धे प्रेक्षक घरच्या टाक्यांचे कॉक उघडायला पळाले. परतताना दोस्त गाडी चालवत म्हणाला, "बघ कवी, तुझ्या नाटकात टाकीमागं एकच माणूस. इथं अख्खी सोसायटी गेली." मी हसलो. तो माझ्याकडे न बघता हसत होता. तो मला हळूहळू शिजवत होता, आणि त्याचा तो हक्क होता. आमचं दोघांचं असं चालू राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

पण त्याची नात मधे आली.

नात म्हणजे मुलीची मुलगी. डिप्लोमा करून चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली होती. नानांच्या शाळेवर नाटक आहे हे कळल्यावर तिनंच धावपळ करून खंडेनवमीला कंपनीत प्रयोग ठरवला. या दिवशी आमच्या पट्ट्यात मशीनची पूजा असते. मशीनला झेंडूच्या माळा घालतात, शॉप फ्लोअरवर रांगोळ्या काढतात, घरच्यांना आत येऊ देतात. पहिली शिफ्ट सुटायची आणि दुसरी लागायची, त्या वेळेत कँटीनमध्ये आमचं नाटक. नातीनं सगळ्या शिफ्टला सांगून ठेवलं होतं की हे माझ्या नानांचे दोस्त, आणि यात माझे नानाही आहेत.

प्रयोगाआधी मॅनेजरसाहेबांचा सत्कार होता. शाल आणि नारळ आणला होता. साहेब ऐनवेळी कुठल्याशा ऑडिटमध्ये अडकले. दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला, "शाल उरलीय. कोणाला तरी घाला, माल परत नेला तर बरं दिसत नाही."

माझ्या हातात माइक होता. ज्यांच्या हातात कधी माइक आलेला नाही त्यांना हे समजायचं नाही. माइक धरला की माणसाला आपण उदार आहोत असं वाटायला लागतं. मी म्हणालो, "आज आपल्यात माझा बालमित्र आहे. आपला टेम्पो घेऊन आमच्याबरोबर फिरतो. आता तुम्ही नाटकात जो दोस्त बघाल, तो हाच." टाळ्या झाल्या. नातीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोस्त नको नको म्हणत पुढे आला. मी त्याला शाल घातली. त्यानं नारळ घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाला, "राव, पुढचा विचार केलास का?"

मी केला नव्हता. मी त्याच्यापुढे माइक धरला.

"मी काय बोलणार," तो लोकांना म्हणाला. "टेम्पो गेटबाहेर हाय. शिक्युरिटीनं हवा सोडू नये, एवढीच विनंती." कँटीन हसलं.

पुढचा विचार मला सुचला तो पहिली घंटा झाली तेव्हा. सत्कार आधी आणि नाटक नंतर, ही आपली जुनी चाल. सत्कार नंतर असता तर माझ्या अंगात वारं भरायला वेळच मिळाला नसता. आता तीनशे-चारशे माणसांना मी बोट दाखवून सांगितलं होतं की दोस्त कोण, आणि ती माणसं त्याला टाकीमागे थरथरताना बघणार होती. मी विंगेत उभा होतो. मला घंटा काढून घेता येत नव्हती की टाकी हलवता येत नव्हती. स्वगत सुरू झालं. दोस्त त्याचा झालो नाही, असं ते पोरगं म्हणालं तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं मान वळवून शाल पांघरलेल्या म्हाताऱ्याकडे बघायला लागली. नात समोर बघत होती. मग दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला, निम्मं कँटीन उठलं. माझ्या साऱ्या नाट्यजीवनात प्रेक्षक उठून गेल्याचा आनंद मला तेवढ्याच वेळी झाला.

परत येताना टेम्पोत पुढे आम्ही तिघं. दोस्त चालवत होता, मधे नात, खिडकीशी मी. नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या मांडीवर होता.  मोशीच्या सिग्नलला तिनं विचारलं, "नाना, तुम्ही खरंच टाकीमागं लपला होता?"

 मी सांगतो, त्यानं मला वेळ दिला. पुढचा ट्रक हलला, त्यानं गिअर टाकला, आणि तरी मी नारळाच्या शेंडीकडे बघत होतो.

"व्हय," तो म्हणाला. "लपलो व्हतो. भीती वाटली."

"मार बसेल म्हणून?"

"मारापेक्षा लोक बघत्यात त्याची."

 मग ती त्याच्या खांद्यावरची शाल नीट करत म्हणाली, "असू दे."

चिखलीत उतरताना मी नारळ सीटवर ठेवला. पन्नास वर्षांत मी एवढीच प्रगती केली होती. पहिल्यांदा निदान माझ्यासमोर टाकी होती.

पुढच्या आठवड्यात कळलं की तिच्या शिफ्टमधली पोरं तिला चिडवतात. काम अडलं, कोणी दिसेना झालं, की म्हणतात, "टाकीमागं बघा रे." मला हे खुद्द दोस्तानंच सांगितलं, टायरची हवा तपासत, दुसऱ्याच्या घरची बातमी सांगावी तसं.

तेव्हा मात्र मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी गॅरेजात गेलो. प्रयोग नसले की रुळाचा तुकडा दारातच टांगलेला असायचा, चहा आला की कारागिरांना बोलवायला त्याच्यावर टोला द्यायचे. दोस्त एका गाडीच्या बॉनेटखाली होता. मी म्हटलं, "मला बोलायचंय." त्यानं माझ्या हातात बॅटरी दिली. "बोल. उजेड हिकडं धर." मी उजेड धरला आणि सुरुवात केली. माझं पाठांतर झालेलं होतं. 'माझं चुकलं' या शब्दांपाशी येतो न येतो तोच मागे कंप्रेसर सुरू झाला. मी थांबायला हवं होतं. पण मी तसाच बोलत राहिलो, मोठ्यानं, सगळं, शेवटपर्यंत. कंप्रेसर बंद झाला तेव्हा माझं बोलून संपलं होतं. दोस्तानं बॉनेटखालून डोकं काढलं.

"काय म्हणत व्हतास?"

मी म्हटलं, "काही नाही. गाडीला काय झालंय?"

त्याला ऐकू गेलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. कंप्रेसर सुरू असताना बोलणं हे माझ्या सोयीचं होतं, एवढं मात्र माहीत आहे.

मग मी दुसरा मार्ग धरला. नाटकच दुरुस्त करू. घंटेचा प्रवेश उलटा लिहून काढला आणि दिग्दर्शकाकडे नेला. त्यानं वाचला. "नायकच गप्प बसला तर लोक त्याच्या मागं का जातील? आणि काका, माल डिस्पॅच झालाय. आता ड्रॉइंग बदलून चालत नाही." हाफपँटवाला नायक तर फारच दुखावला. "एवढे प्रयोग मी छड्या खाल्ल्या," म्हणाला, "आणि आता तुम्ही म्हणता मी भित्रा." मी त्याची समजूत घातली. त्याच्याशी बोलताना मला शब्द अजिबात कमी पडले नाहीत.

राहिला शेवटचा प्रयोग. तो मोशीतच, दुसऱ्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होता. मी ठरवलं, प्रयोग संपला की रंगमंचावर जायचं आणि सरळ गद्यात सांगायचं. नातीला मुद्दाम बोलावलं होतं. ती आली होती, पुढून दुसऱ्या रांगेत. विंगेत मी दोस्ताला म्हटलं, "आज मी सांगणार आहे."

कशाबद्दल, ते त्यानं विचारलं नाही. "आता नको," म्हणाला.

"का नको?"

"लाइनवर तिच्या हातून एक पार्ट चुकीचा गेला व्हता. पंधरा दिवस गप्प व्हती, दुसऱ्यावर जाईल म्हणून बघत व्हती. गेल्या सोमवारी स्वतःहून साहेबाकडं गेली. सांगून आली. मला म्हणाली, नाना, मला तुमच्यासारखं टाकीमागं न्हाई राहायचं." त्यानं दाढीवरून हात फिरवला. "माझं खोटं कामाला आलं, राव. तुझं खरं आता कशाला लागतंय? आता सांगशील तर मी तिच्याशी खोटं बोललो, एवढंच तिला कळंल."

"पण तुझ्या नावाला..."

"माझं नाव माझ्या गॅरेजवर हाय, मोठ्या अक्षरात. मी हाय तोवर गप्प बस. गप्प बसणं तुला जमतंय."

बाहेर टाळ्या वाजत होत्या. दिग्दर्शकानं मला पुढे ढकललं. मी माइक हातात घेतला, सोसायटीच्या कमिटीचे आभार मानले, चहावाल्याचे मानले, टेम्पोसाठी माझ्या मित्राचे मानले. त्याचे आभार मानायला मला कधीच अडचण आली नाही.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. चार दिवस ताप, मग दवाखाना, मग निरोप. चिखलीत त्याच्या घरी गेलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नात माझ्याजवळ येऊन बसली. ती आता त्याच कंपनीत कायम झाली आहे. रडून तिचे डोळे सुजले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "आजोबा, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. त्या दिवशी नानांचाही दोष अंगावर घेऊन तुम्ही पुढं झालात. नाना नेहमी म्हणायचे, पुढं होणारा दोस्त एखाद्यालाच मिळतो."

तो हे नेहमी म्हणत असेल यात मला शंका नाही. कोणाबद्दल म्हणत होता तेवढं त्यानं सांगितलं नसणार. शेवटपर्यंत त्याची गंमत चालू होती.

माझ्या हातात कोणीतरी चहा दिला होता. मी तो प्यायलो. आणि मी त्या मुलीला म्हणालो, "त्यात काय एवढं."

मी आहे तोवर गप्प बस, असं तो म्हणाला होता. ते मी पाळलं. आता ती हे वाचेल. तिचे नाना तिच्याशी एकदा खोटं बोलले होते आणि ते कशासाठी, हे तिनं तिच्या शहाणपणानं समजून घ्यावं. माझ्याबद्दल काय समजायचं त्यासाठी फार शहाणपण लागणार नाही.

दोस्ताला म्हणायला जे रचलं होतं ते मी आधी आठ-आठ अक्षरांत बसवून पाहिलं होतं. बसलं होतं, म्हणूनच टाकून दिलं. गॅरेजात बॅटरी धरून बोललो ते साधंच होतं, आणि कंप्रेसर नसता तर त्याला असं ऐकू आलं असतं:

अरे, घंटा मी दिली होती. टाकीमागे मी होतो. तू हात वर केलास तेव्हा माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते. तुझी परीक्षा गेली, आईनं शिवून घेतलेली पँट ग्रीसमध्ये गेली, आणि मी तुला चुकीचा स्पॅनर देऊन घरी आलो, वर ती गोष्ट माझ्या मुलांना माझी म्हणून सांगितली. नंतर तुझ्या नातीसमोर तुला भित्रा ठरवलं आणि शाल घातली. माझं चुकलं. मला माफ कर.